आमच्या माघारी

दर रविवारी सकाळी धाकट्या मामाची दाढी होते. कोमट पाण्याचा तांब्या, मानेभोवती जुना पंचा, वाटीत साबणाचा फेस. ‘गाल फुगव’ म्हटलं की तो दोन्ही गाल एवढे फुगवतो की डोळेच मिटतात. मामा अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे. पूर्वी आजोबा त्याची दाढी करायचे, ते गेल्यावर आजी करू लागली. आजीही गेली आणि रेझर आईच्या हातात आला. आता आईचं वय एकोणसत्तर. हात थरथरतो, म्हणून हनुवटीखालचे केस ती तसेच सोडते.

ज्या घरात असं माणूस आहे तिथे एक वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच : ‘आमच्या माघारी याचं कोण?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असेल असं वाटतं. तो तेवढा जुना नाही. आमच्या नाशिकमध्ये तो गेल्या पन्नास-साठ वर्षांत मोठा होत गेला.

पहिलं कारण वैद्यकातलं आहे. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरने या स्थितीचं वर्णन १८६६ मध्ये केलं. एकविसाव्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत हे तिचं कारण १९५९ मध्ये फ्रान्समध्ये उलगडलं. मधल्या काळात ही मुलं फारशी जगतच नसत. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी पाहिल्या तर १९३० च्या आगेमागे त्यांचं सरासरी आयुष्य जेमतेम ९ वर्षांचं होतं. हृदयातले जन्मजात दोष आणि छातीचे आजार त्यांना घेऊन जात. अँटिबायोटिक्स आली, हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि तिकडे हे आयुष्य ६० च्या घरात गेलं. मामा झाला तेव्हा डॉक्टरांनी आजीला सांगितलं होतं, ‘फार तर बारा-पंधरा वर्षं.’ त्या हिशेबाने आजीला माघारीची काळजी करण्याचं कारणच नव्हतं. तो विशीत पोहोचला तेव्हा तिला पहिल्यांदा ती काळजी लागली. जन्मताना न रडलेली, ‘पेटीत ठेवलेली’, आकडी येणारी मुलंही अशीच जगायला लागली आणि त्यांच्या आया म्हाताऱ्या होऊ लागल्या.

दुसरं कारण घराचं. मामाचं लहानपण पंचवटीतल्या वाड्यात गेलं. दिंडी दरवाजा, मधला चौक, चार बिऱ्हाडं. सकाळी तो दुधाची किटली घेऊन मालेगाव स्टँडपर्यंत जायचा, दुपारी बायकांबरोबर मटार सोलायचा. वाट चुकलाच तर ओळखीचा कुणीतरी हात धरून घरी आणून सोडायचा. ‘मतिमंद’ हा शब्द वाड्यात कुणी उच्चारत नसे. ‘साधा आहे’, ‘भोळा आहे’, ‘त्याला कमी समजतं’, असं म्हणत. पण वाड्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. आईला बघायला पाहुणे आले की मामाला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावत. बहिणीचं स्थळ मोडू नये म्हणून भाऊ लपवायचा, ही रीत होती. तिच्याबद्दल आई आजही बोलत नाही.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि सातपूरला कारखाने उभे राहू लागले. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. खेड्यापाड्यांतून नवरा-बायको-मुलं अशी सुटी कुटुंबं नाशिकला येऊ लागली. पुढे सिडकोच्या वसाहती झाल्या, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. आमचं बिऱ्हाड इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर गेलं आणि मामाचं दूध आणणं बंद झालं. जिना उतरून रस्त्यावर आलं की त्याच्या ओळखीचं एकही दुकान नव्हतं. वाड्यात जे काम दहा हातांत वाटलेलं होतं ते एकट्या आजीवर आलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो बोलायचाही कमी झाला.

या सगळ्यात दोष कायम आईच्या माथी. ग्रहण पाळलं नाही, पोटुशी असताना अमुक खाल्लं, मागच्या जन्मीचं काही असेल. त्र्यंबकेश्वर जवळ, त्यामुळे नारायण नागबळी आलाच. तीन दिवसांचा विधी, त्यासाठी कोरी वस्त्रं, दक्षिणा. आजी-आजोबांनी तो केला. वणीच्या सप्तशृंगीला नवसही बोलून झाला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्या काळी दुसरं कोणतं दार ठोठवायचं, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

सरकारी दारं होती, पण भलत्याच ठिकाणी उघडणारी. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने वेडसर माणूस आणि बुद्धीची वाढ न झालेला माणूस एकाच व्याख्येत बसवले होते. राज्यातली जुनी मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. घरात सांभाळणं अशक्य झालं की तिकडे पाठवण्याची भाषा व्हायची. ‘ठाण्याला टाकू’ हे शब्द आजीने भांडणाच्या भरात भाऊबंदांच्या तोंडून ऐकले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळलं. हे योग्यच झालं. पण वगळलेल्यांचं पुढे काय, हे त्या कायद्यात नव्हतं.

मग शाळा काढल्या त्या पालकांनीच. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये सुरू केलेली जय वकील शाळा ही देशातल्या आरंभीच्या शाळांपैकी एक. नाशिकला ते काम रजनी लिमये यांनी केलं. त्यांच्या मुलाला हीच अडचण होती आणि गावात त्याच्यासाठी शाळा नव्हती. १९७७ मध्ये त्यांनी प्रबोधिनी सुरू केली. सिकंदराबादची राष्ट्रीय मतिमंद संस्था त्यानंतर, १९८४ ला आली. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला कायद्याची चौकट मिळाली ती १९९२ मध्ये, भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याने. सालं अशी ओळीने मांडली की दिसतं, नाशिकची एक आई दिल्लीच्या कायद्याच्या पंधरा वर्षं पुढे होती.

शाळेने घरात काय बदललं ते सांगतो. मामा उशिरा, मोठेपणीच एका कार्यशाळेत जाऊ लागला. तिथे त्याला कापसाच्या वाती वळायला शिकवलं. पहिले सहा महिने त्याची वात दोऱ्यासारखी ताणली जायची आणि मधेच तुटायची. बाईंनी त्याला बोटांना भस्म लावायला शिकवलं, तेव्हा ती जमली. त्या दिवाळीत त्याने आणलेल्या पाकिटातले पैसे आजीने देवासमोर ठेवले आणि आठवडाभर कुणाला हात लावू दिला नाही. त्या घरात तो पहिल्यांदा कमावता झाला होता.

शाळा संध्याकाळी सुटते आणि आयुष्य पुढे चालू राहतं, म्हणून मागणी निवासी घरांची झाली. प्रौढ मुलींसाठी नाशिकजवळ पिंपळगाव बहुला येथे ‘घरकुल’ उभं राहिलं. अशा ठिकाणी जागा थोड्या आणि वाट पाहणारे पुष्कळ, हे पालकांना विचारलं की कळतं.

कायद्याची बाजू इथे थोडी समजून घ्यायला हवी, कारण घरोघर गफलत होते ती इथेच. मूल १८ वर्षांचं झालं की आईबाप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, मग समज चार वर्षांच्या पोराएवढी का असेना. बँकेत, वारसाच्या कागदांवर, जमिनीच्या हिश्श्यात हे अचानक समोर येतं. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारांमध्ये मतिमंदत्व होतं, पण पालकत्वाची सोय झाली ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक समिती आली. तिचे प्रमुख जिल्हाधिकारी. पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आईवडिलांइतकाच भाऊ-बहिणींनाही अर्ज करता येतो. याच न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ झाले आणि ‘मतिमंद’च्या जागी ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आला. सिव्हिलमधून मिळणाऱ्या दाखल्यावरही आता तोच असतो.

नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये नोकरी केलेल्या घरांना आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी : केंद्र सरकारी निवृत्तिवेतनाच्या नियमांत अशा अपत्याला, ते स्वतः पोट भरू शकत नसेल तर, आईवडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. मात्र आईवडील हयात असतानाच कागदोपत्री त्याचं नाव लागलेलं असणं बरं. नंतर धावपळ करणाऱ्या बहिणीचे फार हाल होतात.

या सगळ्या इतिहासात बहीण-भाऊ कुठेच नाहीत, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. पालकांच्या सभा भरतात, आयांचे सत्कार होतात. माझ्या आईने लहानपणापासून मामाचा हात धरला आहे. शाळेची सहल त्याला सोडून जायची नाही म्हणून सोडली, लग्नाआधी ‘भावाला भेटायला दर आठवड्याला येईन’ ही एकच अट घातली. राष्ट्रीय न्यासाच्या समितीकडून ती त्याची पालक झाली तेव्हा घरी कुणी पेढेसुद्धा आणले नाहीत. आम्ही सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं.

गेल्या महिन्यापासून रविवारी रेझर माझ्या हातात आहे. पहिल्याच दिवशी मी वरच्या ओठापासून सुरुवात केली. मामाने माझं मनगट धरलं, डोकं हलवलं आणि पातं आपल्या उजव्या कानाखाली नेऊन टेकवलं. आजोबा तिथून सुरू करायचे. मग त्याने गाल फुगवले आणि डोळे मिटले.