रानडुकरांतील व मोकाट डुकरांतील इन्फ्ल्युएन्झा

इन्फ्ल्युएन्झा-ए विषाणूमुळे रानडुकरे (सुस स्क्रोफा) आणि पाळीव कळपांतून सुटून रानटी झालेली डुकरे यांना होणारा श्वसनमार्गाचा संसर्ग. विषाणू ऑर्थोमिक्झोव्हिरिडी कुलातील असून त्याचा जीनोम (संपूर्ण जनुकसामग्री) आरएनएच्या आठ खंडांचा असतो. डुकरांत मुख्यतः एच1एन1, एच1एन2 व एच3एन2 हे उपप्रकार आढळतात. रानडुकरांत आजार बहुधा सौम्य असतो व नजरेत भरत नाही.

उगम : 1918 च्या शरद ऋतूत अमेरिकेतील आयोवा राज्यात पशुवैद्य जे. एस. कोएन यांनी डुकरांतील आजाराचे माणसांतील साथीशी असलेले साम्य प्रथम ठामपणे मांडले. तेथील डुकरांपासून विषाणुशास्त्रज्ञ रिचर्ड शोप यांनी 1930 च्या सुमारास विषाणू वेगळा केला. मानवी विषाणू त्यानंतर, 1933 मध्ये मिळाला. शोधांचा हा क्रम पाहून डुक्करच मूळ यजमान असावे, असे काहींनी मानले. मात्र मुंबईतील सात पोलीस शिपाई (त्यांतील एक गोदीवर नेमलेला) 10 जून 1918 रोजी तापाने रुग्णालयात दाखल झाले होते, म्हणजे आयोवातील त्या शरदापूर्वीच साथ इथवर पोहोचली होती. संसर्ग माणसांकडून डुकरांत गेला, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

दोन साथींच्या मधल्या काळात विषाणू कोठे राहतो, या प्रश्नावर शोप यांनी चमत्कारिक वाटणारे उत्तर सुचविले होते. डुकराच्या फुप्फुसातील कृमीची अंडी विष्ठेतून मातीत जातात, अळ्या गांडुळात वाढतात आणि गांडूळ खाणाऱ्या डुकरात परततात. विषाणू या कृमीत सुप्त राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. माती उकरून गांडुळे खाणाऱ्या रानडुकरांत हे कृमी विपुल असल्याने ही कल्पना या नोंदीच्या विषयाला विशेष लागू पडली असती. परंतु पुढील प्रयोगांत तिला खात्रीलायक दुजोरा मिळाला नाही व ती मागे पडली. विषाणू कळपात वर्षभर फिरत राहतो, हे स्पष्टीकरण आज पुरेसे मानतात.

डुकराच्या श्वसनमार्गात पक्ष्यांच्या व माणसांच्या अशा दोन्ही विषाणूंना चिकटता येणारे सियालिक आम्लाचे ग्राही (पेशीच्या पृष्ठावरील चिकटण्याच्या जागा) असतात. दोन्हींचे जनुकखंड त्यात एकत्र मिसळू शकतात, म्हणून डुकराला ‘मिश्रणपात्र’ म्हटले गेले. ग्राहींची मांडणी माणसातही बरीचशी तशीच असल्याचे नंतर दिसल्याने हे विशेषण सावधपणे वापरलेले बरे.

वन्य समूहांतील प्रसार : निरीक्षणे मुख्यतः युरोप व उत्तर अमेरिका येथील आहेत. रक्तजलात प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) सापडतात, परंतु त्यांचे प्रमाण पाळीव डुकरांच्या मानाने साधारणतः कमी असते. नाकातील नमुन्यात प्रत्यक्ष विषाणू क्वचितच मिळतो. विषाणूचे उत्सर्जन आठवडाभराच्या आत थांबते, प्रतिपिंडे मात्र कित्येक महिने टिकतात, हे त्याचे एक कारण. शिवाय माद्या व पिलांचे छोटे कळप विखुरलेले असल्याने संसर्ग होऊ शकेल असे नवे प्राणी लवकर संपतात. संक्रमणाचा प्रवाह बहुधा पाळीव कळपांकडून रानाकडे असतो.

मुंबई परिसर : नाले व कचराकुंड्यांभोवती फिरणारी डुकरे पुष्कळदा मालक असलेली, चरायला सोडलेली पाळीव डुकरे असतात, अमेरिकेतील रानटी झालेल्या डुकरांच्या वर्गात ती बसत नाहीत. येऊरच्या रानातील रानडुकरे वेगळी. 2009 च्या एच1एन1 साथीत शहरातील रुग्णांसाठी चिंचपोकळीचे कस्तुरबा रुग्णालय मुख्य केंद्र होते. त्या विषाणूचे जनुकखंड उत्तर अमेरिकी व यूरेशियन डुकरांतील वंशांतून आलेले असले, तरी प्रसार माणसाकडून माणसाकडे होत होता. नीट शिजविलेल्या मांसातून तो होत नाही.

नियंत्रण : पाळीव डुकरांसाठी लशी आहेत. रानात लसीकरण व्यवहार्य नसल्याने गोठ्यांना पक्के कुंपण, उघड्यावरील खरकटे हटविणे व मृत जनावर हाताळताना हातमोजे-मुखपट्टी वापरणे यांवर भर असतो.