राग गिळणं आणि राग बघणं: बाहेरून सेम, आतून भलतंच

ध्यानाला बसायला लागलं की थोड्या दिवसांनी घरचे म्हणतात, अरे वा, हल्ली चिडत नाहीस. ऐकायला बरं वाटतं, पण त्यावरून खरं तर काहीच कळत नाही, कारण राग गिळून गप्प बसलेला माणूस आणि राग बघत गप्प बसलेला माणूस समोरून सेम टू सेम दिसतात, दोघांचाही आवाज चढलेला नसतो, दोघांनीही लांबलचक मेसेज टाइप करून डिलीट केलेला असतो. आत काय चाललंय ते ज्याचं त्यालाच तपासावं लागतं.

समजा मीटिंग चालू आहे आणि तुम्ही राबून केलेलं काम सहकारी बिनधास्त स्वतःच्या नावावर खपवतोय. गिळणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा येतं की मला राग येता कामा नये, मी साधना करतो. म्हणजे राग आलाय हेच त्याला मान्य नाही. तोंडावर हसू, जबडा घट्ट आवळलेला, श्वास वरच्यावर, आणि डोक्यात डायलॉग सुरू, तो असं म्हणाला की मी असं ऐकवीन, मग तो तसं म्हणेल, मग बघतोच त्याला. मीटिंग संपते, डायलॉग काही संपत नाही, आणि संध्याकाळी घरी कुणीतरी साधं काहीतरी विचारलं की त्याच्यावर खेकसणं होतं. वड्याचं तेल वांग्यावर.

बघणाऱ्यालाही राग तेवढाच आलेला असतो, हे आधी डोक्यात फिट करून घ्या, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. मज्झिम निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातल्या सतिपट्ठान सुत्तात (10 वं सुत्त, म्हणजे उपदेश) चित्ताकडे बघण्याचा जो भाग आहे त्यात एवढंच सांगितलंय की चित्तात द्वेष (राग त्यातच आला) असेल तर द्वेष आहे असं साधक जाणतो, नसेल तर नाही असं जाणतो. असं चित्त असायला नको होतं वगैरे शेरा तिथे नाही. मग त्या मीटिंगमधे बघणारा काय करतो, तर आला राग, एवढं कबूल करतो. कान गरम झालेत, छातीत धडधडतंय, टेबलाखाली बोटं वळलीयेत. डायलॉग त्याच्याही डोक्यात सुरू होतो, पण तो सुरू झालाय हे त्याला दिसतं, आणि मग तो परत कानाच्या गरमीकडे येतो. ती गरमी जराशी वाढते, हलते, कमी होते, परत येते. ती बदलतेय हे दिसणं हीच इथली साधना, वेगळं काही करायचं नसतं.

पटिच्चसमुप्पाद म्हणजे दुःख कशातून कसं उभं राहतं हे सांगणारी बौद्ध साखळी, तिच्या 12 कड्यांमधे वेदनेनंतर (इथे वेदना म्हणजे हवीशी, नकोशी किंवा मधली कुठलीही जाणीव) लगेच तण्हा, म्हणजे तृष्णा, येते. नकोशी वेदना आली की ही नको, आत्ताच्या आत्ता नको अशी ओढ लागते आणि आपण समोरच्यावर तुटून पडतो. मजा अशी की गिळणं हे पण तेच "नको" आहे, फक्त आता ते स्वतःच्याच रागावर उलटलंय. संयुत्त निकाय या अशाच दुसऱ्या संग्रहातल्या सल्ल सुत्तात दोन बाणांचं उदाहरण आहे, पहिला बाण शरीराच्या दुःखाचा, आणि त्यावर चिडून, रडून माणूस मनाचा दुसरा बाण लावून घेतो. राग आल्याबद्दल स्वतःला झापणं हा माझ्या मते त्या दुसऱ्या बाणाचाच भाऊ.

आता लगेच "गिळणं वाईट" असा बोर्ड लावू नका. मज्झिम निकायातलंच 20 वं सुत्त, वितक्कसण्ठान, वाईट विचार हटवायचे पाच उपाय सांगतं: त्याच्या जागी चांगला विचार आणणं, त्याचे तोटे बघणं, त्याच्याकडे लक्षच न देणं, तो विचार कशातून उभा राहतोय ते हळूहळू शांत करणं, आणि पाचवा, दातावर दात आवळून, जीभ टाळूला लावून मनानेच मन दाबणं. म्हणजे दाबणं लिस्टमधे आहे, पण सगळ्यात शेवटी, आधीचे चार चालले नाहीत तर. हात उगारलाच जातोय अशा क्षणी दात आवळा की बिनधास्त, शील, म्हणजे कुणाला इजा न करण्याचा नेम, तरी वाचेल. आपण करतो काय, तर पाचव्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो.

अजून एक तिसरा प्रकार आहे जो या दोन्हींसारखा दिसतो. मज्झिम निकायातल्याच ककचूपम सुत्तात वेदेहिका नावाची गृहिणी आहे, सगळ्या गावात शांत म्हणून नाव. तिची दासी काली हुशार, तिला प्रश्न पडतो की बाईंना राग खरंच नाही, की माझं काम चोख आहे म्हणून दिसत नाही? ती मुद्दाम उशिरा उठते. पहिल्या दिवशी बाईंच्या कपाळावर आठ्या, दुसऱ्या दिवशी शिव्याशाप, तिसऱ्या दिवशी दाराच्या अडसराची खीळ थेट डोक्यात. वेदेहिकेने राग गिळलाही नव्हता आणि बघितलाही नव्हता, यायची वेळच आली नव्हती. ध्यानाच्या मौन शिबिरातून नुकत्याच परतलेल्या माणसाची शांती बऱ्याचदा या जातीची असते, दहा दिवस कुणी काही बोललेलंच नसतं ना.

मग आपलं कुठलं चाललंय हे ओळखायचं कसं? गप्प बसलात त्या वेळेपेक्षा नंतरचं बघा. तोच सहकारी दुसऱ्या दिवशी चहाला बोलवतो तेव्हा पोटात काय होतं, दोन दिवसांनी भलत्याच विषयात टोमणा निघतो का, त्याचं काही बिघडलं की आतून गुदगुल्या होतात का. होत असतील तर गिळलाय. हरकत नाही, उशिरा दिसला तरी तो आत्ताच दिसतोय, त्या गुदगुल्यांपासून बघायला सुरुवात करा.

आणि बघितलं म्हणजे बोलायचंच नाही असं कुणी सांगितलं? उलट बघणाऱ्याला नंतर नीट बोलता येतं. अंगुत्तर निकाय या आणखी एका संग्रहात चांगल्या वाणीच्या पाच खुणा आहेत: वेळेवर, खरं, मृदू, उपयोगाचं आणि मैत्रीच्या मनाने. मीटिंगनंतर त्याला बाजूला घेऊन "ते काम मी केलं होतं, पुढच्या वेळी माझं नाव घे" हे या पाचात आरामात बसतं. गिळणाऱ्याला हे वाक्य जमत नाही, त्याचं एकतर तोंडच उघडत नाही, नाहीतर मागच्या सगळ्या वर्षांचा हिशोब एकदम बाहेर पडतो.

कुणी रोज अपमान करतंय, हात उचलतंय, तिथे "मी फक्त वेदना बघतोय" म्हणत बसून राहू नका. राग बघायचा तो स्वतःचा, समोरच्याचा मार सहन करत राहणं यात कुठेच येत नाही, तिथून उठायचं आणि मदत मागायची, छातीतली धडधड वाटेतही बघता येते.