नीत्शे, त्याची बहीण आणि मनू

परवा पंचवटीत चहा पिताना वाद निघाला, जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे नाझी होता का. एकाने लगेच निकाल दिला, "अरे सगळे उद्योग बहिणीचे!" हे उत्तर आता सगळ्यांचं पाठ झालंय आणि ते अर्धंच आहे, म्हणून जरा मागचं लिहितो.

बहिणीचं खरंच होतं तसं. नीत्शेचं डोकं जानेवारी १८८९ ला तुरिनमध्ये कायमचं बिघडलं, १९०० ला गेला, तेव्हा नाझी पक्षाचा पत्ताही नव्हता. बहीण एलिझाबेथ, तिचा नवरा फ्योर्स्टर कट्टर ज्यूद्वेष्टा, दोघांनी पॅराग्वेत 'शुद्ध' जर्मनांची वसाहत काढली, नवऱ्याने १८८९ लाच आत्महत्या केली आणि बाई परत येऊन आजारी भावाच्या कागदांवर ठाण मांडून बसली. पत्रांत फेरफार केले, टिपणं सोयीने जुळवून १९०१ ला भावाच्या नावावर 'द विल टू पॉवर' हे पुस्तक काढलं. पुढे वायमारच्या नीत्शे संग्रहालयात हिटलर यायचा, १९३५ ला ती वारली तेव्हा अंत्यविधीलाही हजर. आणि भाऊ? तो ज्यूद्वेष्ट्यांवर जाम भडकायचा, मेहुण्यावर तर विशेष.

पण १८८८ मध्ये, शुद्धीत असताना, त्याने मनुस्मृती वाचली, जाकोलियोच्या फ्रेंच भाषांतरातून, आणि पठ्ठ्या फिदाच झाला. 'द अँटीख्राइस्ट'मध्ये तो लिहितो की बायबलपेक्षा हे पुस्तक कितीतरी वरचं आणि जातींची उतरंड हा निसर्गाचाच नियम. हे काही बहिणीने घुसडलेलं नाही.

आणि हे कुणी पकडलं तर बाबासाहेबांनी, ज्यांनी २ मार्च १९३० ला इथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्यांच्या 'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम'मध्ये हिटलरने नीत्शेच्या पुतळ्याशेजारी काढून घेतलेल्या फोटोचाही उल्लेख आहे, आणि थेट म्हटलंय की झरथुष्ट्र, म्हणजे नीत्शेच्या गाजलेल्या पुस्तकाचा नायक, हे मनूचंच नवं नाव. मग फरकही सांगतात, नीत्शेचा अतिमानव निदान लायकीने मोठा होणार, मनूचा जन्मानेच, आणि नीत्शे प्रामाणिक तत्त्वज्ञ तर मनू भाडोत्री. म्हणजे नीत्शेला थोडी सूट आहे, मनूला अजिबात नाही. हे लिखाण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, १९८७ ला महाराष्ट्र सरकारने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंड ३ मध्ये आलं. आमच्या चहाच्या टेबलावर, काळारामपासून हाकेच्या अंतरावर, एकानेही ते वाचलेलं नव्हतं.