ड्रॉइंग मार्कअप (संगणकावरील)

यंत्रभाग, पाइपलाइन किंवा विजेची जोडणी यांचे ड्रॉइंग पडद्यावर उघडून पाहणे आणि मूळ रेषांना धक्का न लावता त्यावर शेरे, बाण, ढग (ढगाच्या आकाराची चौकट), क्रमांक अशा खुणा करणे, याला कारखान्यांत ‘मार्कअप’ म्हणतात. ज्या सॉफ्टवेअरमधून हे काम होते त्याला व्ह्यूअर म्हणतात. कॅडमध्ये (ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) बसलेला ड्राफ्ट्समन रेषा बदलू शकतो. व्ह्यूअरवाला फक्त आपले म्हणणे मांडू शकतो. त्यामुळे मार्कअप ही सूचना असते, बदल नव्हे. कोल्हापूरच्या फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) हा फरक नीट कळणे फार गरजेचे आहे.

पूर्वी हेच काम ट्रेसिंग कागदावरून अमोनियाच्या वाफेने उमटवलेल्या प्रतीवर (अमोनिया प्रिंटवर) लाल पेन्सिलने होई. ऑटोकॅड हे कॅड सॉफ्टवेअर १९८२ साली आले, पीडीएफ १९९३ साली; २००८ मध्ये पीडीएफ हे आयएसओ ३२००० या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. पीडीएफमध्ये खुणा पानाच्या मजकुरात मिसळत नाहीत. त्या वेगळ्या नोंदी म्हणून राहतात आणि कोणी, केव्हा केल्या हेही त्यांसोबत साठवता येते. लाल पेन्सिलीच्या रेघेला ही सोय नव्हती.

कोल्हापूर परिसरातील उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील फाउंड्री व मशीनशॉपमध्ये ड्रॉइंग बहुधा गिऱ्हाइकाकडून येते, आणि ते तयार भागाचे असते. ओतकाम करणाऱ्याला त्याच्या आधीची अवस्था हवी असते. म्हणून पहिला मार्कअप पॅटर्नसाठी, म्हणजे साचा घडवण्याच्या नमुन्यासाठी होतो: पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांची सांधरेषा) कुठे घ्यायची, कोणत्या पृष्ठावर किती मशीनिंग अलाऊन्स (नंतर कापून काढायचा जादा धातू) सोडायचा, साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून ड्राफ्ट (बाजूंचा उतार) किती द्यायचा, कोअर (आतली पोकळी घडवणारा गाभा) कुठे टेकवायचा. ग्रे आयर्न (करडे ओतीव लोखंड) थंड होताना साधारण १ टक्का आकसते, म्हणजे ५०० मि.मी. लांबीच्या भागाचा पॅटर्न सुमारे ५ मि.मी. मोठा धरावा लागतो. एखाद्या कोपऱ्यात धातू साचून पोकळी पडेल असे वाटले, तर फाउंड्रीवाला तिथे ढग काढून ‘फिलेट (कोपऱ्याची गोलाई) वाढवावा का?’ असे विचारतो. पुण्यात किंवा परदेशात बसलेला डिझायनर त्याच खुणेखाली उत्तर लिहितो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. अशा दिवसांत कागद अडकतो, फाइल मात्र पोचते.

मापे तपासतानाचा मार्कअप वेगळा. त्याला ‘बलून’ टाकणे म्हणतात. ड्रॉइंगवरील प्रत्येक मापाला वर्तुळात क्रमांक द्यायचा आणि तपासणी अहवालात त्याच क्रमांकासमोर प्रत्यक्ष मोजलेले माप लिहायचे. वाहन उद्योगाचे पहिले नमुने मंजुरीसाठी पाठवताना असे बलून टाकलेले ड्रॉइंग सोबत जाते. एकही माप सुटू नये म्हणून ही रीत पडली, आणि ती उत्तम आहे.

पडद्यावरच्या ड्रॉइंगचे काही धोके कागदाला ठाऊक नव्हते. फाइलमधला फाँट समोरच्या संगणकावर नसला, तर व्यासाच्या किंवा अधिक-उणेच्या चिन्हाजागी प्रश्नचिन्ह, नाहीतर रिकामा चौकोन दिसतो. ‘६२ ± ०.०५’ मधले ते एक चिन्ह गेले की वाचणाऱ्याला सहनशीलताच (मापात चालणारा कमी-जास्त फरक) कळत नाही. ए१ चे ड्रॉइंग ए४ वर ‘पानात बसवून’ छापले की प्रमाण मोडते. त्यावर पट्टी ठेवून माप घेणे म्हणजे कास्टिंग भंगारात घालणे. व्ह्यूअरमधल्या मोजपट्टीलाही आधी प्रमाण शिकवावे लागते. लिहिलेले माप हेच खरे, हा जुना नियम इथेही लागू आहे. आणखी एक जुनी अडचण प्रक्षेपणाची, म्हणजे भागाची दृश्ये कागदावर मांडण्याच्या पद्धतीची. भारतात फर्स्ट अँगल चालतो, अमेरिकी ड्रॉइंग थर्ड अँगलचे असते. पहिल्यात वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते, दुसऱ्यात वर. कोपऱ्यातले चिन्ह न पाहता पॅटर्न बनवला, तर उलट्या हाताचा, आरशात दिसावा तसा भाग तयार होतो. म्हणून ड्रॉइंग उघडल्यावर आधी मोठे करून पाहायचा तो शीर्षकाचा चौकोन, भाग नव्हे.

जिल्ह्यातील साखर कारखान्यांत मार्कअपचा वापर मुख्यतः दुरुस्तीसाठी होतो. गळीत हंगाम संपल्यावर यंत्रे उघडली जातात, व्हॉल्व्ह बदलतात, एखादी वाफेची लाइन वळवली जाते. फिटरने जागेवर केलेली खूण नंतर ‘ॲज-बिल्ट’ (प्रत्यक्ष जसे आहे तसे दाखवणाऱ्या) ड्रॉइंगमध्ये उतरली नाही, तर पुढच्या वर्षी कोणी तरी नसलेला व्हॉल्व्ह शोधत फिरतो. खुणांचे रंग सगळीकडे सारखे नसतात; जोडणे कोणत्या रंगात आणि काढणे कोणत्या, हे प्रत्येक कारखाना स्वतः ठरवतो.

खूण मान्य झाली की ड्राफ्ट्समन मूळ ड्रॉइंग सुधारतो, रिव्हिजनचे (सुधारित आवृत्तीचे) अक्षर पुढे सरकते आणि जुनी प्रत ‘ऑब्सोलिट’ (बाद) ठरते. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात गिऱ्हाइकाकडून आलेल्या बदलाचा आढावा १० कामकाजाच्या दिवसांत व्हावा, असे म्हटले आहे. सर्व्हरवरचे ड्रॉइंग क्षणात बदलते. पण लेथशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला, कुलंटचे (कापताना सोडायच्या थंड द्रवाचे) डाग पडलेला छापील कागद आपोआप बदलत नाही. ‘रेव्ह सी’ निघाल्यावर सुपरवायझरने शॉपमध्ये जाऊन ‘रेव्ह बी’ चा तो कागद स्वतः काढून आणावा लागतो, आणि प्रत्येक प्रत परत आल्याची सही रजिस्टरमध्ये घ्यावी लागते.