घरातले दोन कॉम्प्युटर जोडायचेत? आधी हे वाचा, मग दुकानात या

आपल्या सांगलीत बऱ्याच घरात आता दोन कॉम्प्युटर आहेत, खाली हळदीच्या नाहीतर बेदाण्याच्या हिशेबाचा आणि वर पोरांच्या अभ्यासाचा, पण फाईल मात्र अजून पेनड्राईव्हमधनंच जिना चढते.

आधी तुमच्या नेटच्या राऊटरची पाठ बघा. बहुतेक राऊटरला मागं लॅनचे, म्हणजे घरातले कॉम्प्युटर केबलनं जोडायचे, दोन ते चार पोर्ट असतात, दोन्ही कॉम्प्युटरच्या केबली त्यात लावल्या की झालं, नेट बंद पडलं तरी राऊटर चालू आहे तोवर दोघं एकमेकांशी बोलतात. राऊटरच नसेल तर दोघांत सरळ एक केबल टाका, पूर्वी त्याला वेगळी क्रॉस केबल लागायची, आता गीगाबिट, म्हणजे 1000 मेगाबिट स्पीडच्या, पोर्टला साधी चालते. साधी यूएसबी वायर मात्र दोन्हीकडं खुपसू नका, दोन्ही पोर्टमधनं करंट येतो, पोर्ट जाऊ शकतो.

वायफाय नेट बघायला ठीक आहे. 5 गीगाहर्ट्झचं फास्ट असतं पण स्लॅबखाली दम सोडतं, 2.4 लांब जातं पण हळू, आणि गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीपुढं दोन्ही थकतात. गेस्ट, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर असाल तर दोन कॉम्प्युटर बहुतेक एकमेकांना दिसतच नाहीत, हे आधी तपासा.

म्हणून कॉम्प्युटर जागेवरनं हलणार नसतील तर आम्ही केबलच सांगतो. 100 मेगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला 11-12 एमबी जातं, म्हणजे 40 जीबीचं लग्नाचं शूटिंग जायला तासभर, तेच गीगाबिटवर, डिस्क चांगली असली तर, सहा-सात मिनिटं. केबल कॅट 5ई किंवा कॅट 6 घ्या, आणि अस्सल तांब्याची. आतली एक तार ब्लेडनं खरवडून बघा, खाली पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, ती घेऊ नका, वाकवली की तुटते. केबलीत आठ तारा असतात, त्यातली एखादी जॅकमध्ये नीट बसली नाही तर कधी नेट लागतच नाही, कधी चालतं पण स्पीड गुपचूप 100 वर येतो, म्हणून आम्ही दोन्ही टोकं टेस्टर लावून दाखवल्याशिवाय निघत नाही. लाइटच्या पाइपातनं ही केबल ओढू नका. गच्चीवरनं बाहेरून नेली असेल तर वळवाच्या पावसात विजा सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवा.

विंडोजमध्ये दोन्हीकडं नेटवर्क प्रायव्हेट करा, फोल्डर शेअर करा, पासवर्ड विचारतोय म्हणून पासवर्ड काढून टाकू नका.

आणि एक कळकळीनं सांगतो. 2019 आणि 2021 चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय. नदीकडच्या भागात राहत असाल तर राऊटर वरच्या मजल्यावर बसवा आणि खालच्या हिशेबाची कॉपी रोज रात्री आपोआप वरच्या कॉम्प्युटरवर जाईल असं लावून घ्या, ते सेटिंग आम्ही केबलीबरोबरच करून देतो.

येताना राऊटरच्या मागच्या बाजूचा फोटो आणि जिन्यासकट अंतराचं माप घेऊन या.