चालेल का, हे विचारायच्या आधी लघवीचं विचारा

माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पावसाळ्याच्या तोंडावर पत्रे बदलायला वर चढला आणि सिमेंटचा पत्रा फुटून थेट खाली आला. मानेचा मणका मोडला. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली, आणि आम्ही जितके नातेवाईक आयसीयूबाहेर बसलो होतो तितक्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, तो चालेल ना? मीही तोच विचारला. लघवीचं कसं करायचं, कूस कधी बदलायची हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि पुढची सगळी वर्षं आम्ही जे शिकलो ते नेमकं हेच आहे, म्हणून हे लिहितोय.

प्लेट बसवली म्हणजे मणका जुळला, आतला मज्जारज्जू नाही. हा मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड, लांबी साधारण 42 ते 45 सेंटीमीटर, कवटीखालून निघून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याच्यातून नसांच्या 31 जोड्या बाहेर पडतात. तो ज्या जागी चेचला जातो त्याच्या खालचा मेंदूशी असलेला संपर्क तुटतो, कधी पूर्ण, कधी अर्धवट. आणि खालचा म्हणजे फक्त पाय नाहीत हो! मूत्राशय, आतडी, कातडीला कळणारं दुखणं, घाम, बीपी, सगळंच.

आधी कातडीचं सांगतो. आपण खुर्चीत बसलेलो असताना दर काही मिनिटांनी नकळत इकडून तिकडे सरकतो, कारण एका जागी दाब पडला की तिथलं रक्त थांबतं आणि ती जागा मेंदूला ओरडून सांगते. दादाची जागा ओरडते, पण वरपर्यंत ऐकूच जात नाही. माकडहाड, खुबे, टाचा, इथे आधी लाल चट्टा उठतो आणि दुर्लक्ष झालं तर हाडापर्यंत खड्डा पडतो. म्हणून अंथरुणावर असताना सुरुवातीला दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, गजर लावून. एअर बेड आणला म्हणून यातून सुटका नाही, आम्हाला वाटलं होतं आणि पहिल्या महिन्यातच बेडसोर झाला, तो भरायला चार महिने गेले. व्हीलचेअरवर बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बुडावरचा भार काढायचा. आणि गरम पाण्याची पिशवी पायाशी अजिबात ठेवायची नाही, भाजलेलं कळत नाही.

हे दोन तासांचं गणित फार जुनं नाही. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक बेडसोर आणि लघवीच्या इन्फेक्शननेच गेले, डॉक्टरही त्यांच्याकडे जाणारा माणूस म्हणूनच बघायचे. 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडविलला लुडविग गटमन या डॉक्टरांनी स्पायनल युनिट सुरू केलं. नाझींमुळे जर्मनी सोडून आलेला हा माणूस. रोग्याला दर दोन तासांनी वळवा, मूत्राशय सांभाळा, आणि जरा बरा झाला की कामाला नाहीतर खेळाला लावा, एवढंच त्यांनी हट्टाने करून घेतलं, कुठलंही जादूचं औषध नव्हतं, आणि माणसं जगायला लागली. 1948 ला त्यांनी हॉस्पिटलच्या आवारातच 16 जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, तिचंच पुढे पॅरालिम्पिक झालं.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले, आधी बॉक्सर होते, उपचारात पाण्यात उतरले आणि 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण घेऊन आले. पुण्याला खडकीत जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथे तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारे जवान आहेत. गावाकडे पत्र्यावरून, झाडावरून पडलेल्या माणसाला मात्र टाके काढले की डिस्चार्ज मिळतो आणि रिहॅबचं, म्हणजे पुनर्वसनाचं, नावही कुणी काढत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता लघवी. आतून कायमचा बसवलेला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, सोपा वाटतो पण त्याने इन्फेक्शन आणि खडे वाढतात. त्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. पूर्वी हे ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुकच हवं असं मानायचे. 1972 ला अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी सांगितलं की साबणाने धुतलेले स्वच्छ हात पुरतात, कारण खरा घात होतो तो मूत्राशय जास्त ताणलं गेल्याने, ताणलं की त्याच्या भिंतीचं रक्त कमी होतं आणि जंतूंना फावतं. म्हणून वेळ चुकवायची नाही आणि एका वेळी 500 मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. वहिनी हे आता डोळे मिटून करते, पहिल्या दिवशी तिचे हात थरथरत होते.

एक चूक मात्र आम्ही प्रेमापोटी केली. दादाची बोटं आत वळायला लागली तशी आत्या रोज तेल लावून ती सरळ ओढायची, मनगटही मागे वाकवून. फिजिओने बघितलं आणि ताबडतोब थांबवलं. दादाचं मनगट वर उचललं जातं, बोटं हलत नाहीत, पण मनगट वर गेलं की बोटांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, आतून ताणल्या जातात आणि बोटं आपोआप मिटतात, मनगट सोडलं की उघडतात. ती दोरी थोडी आखूड राहिली तरच पकड बसते! आत्या ती पकडच सैल करत होती. आज दादा त्याच पकडीत चहाचा कप धरतो.

स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, टोचून बरं करतो म्हणणाऱ्या जाहिराती बघून एकदा आमच्याही मनात जमीन विकायचं आलं होतं. मज्जारज्जू पुन्हा जोडून देईल असा सिद्ध झालेला उपचार आज नाही, जाहिरात करणाऱ्याला लाखभर रुपये देण्याआधी तेच पैसे चांगली गादी, मापाची व्हीलचेअर आणि फिजिओवर घाला.

आणि एक गोष्ट जी डिस्चार्जच्या कागदावर आम्हाला कुणी लिहून दिली नाही. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर मार असेल तर तुंबलेलं मूत्राशय बीपी एकदम चढवू शकतं, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. खालून धोक्याचा निरोप निघतो, रक्तवाहिन्या आवळतात, मेंदू त्या सैल करायचा हुकूम देतो पण तो मार लागलेल्या जागेच्या खाली पोचतच नाही. मग डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल, कपाळावर घाम आणि पाय मात्र गार. अशा वेळी आडवं करायचं नाही, उठून बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टे-कपडे सैल करायचे आणि आधी लघवी काढायची, नळी असेल तर कुठे दुमडली आहे का बघायचं, शौच तुंबलंय का तेही. तरी उतरलं नाही तर सरळ दवाखाना. दादाचं नेहमीचं बीपी 100/60, त्यामुळे 150 दिसलं तर नवख्या माणसाला ते फार वाटत नाही, त्याच्यासाठी ते भयंकर आहे. म्हणून त्याच्या व्हीलचेअरच्या मागच्या खिशात वहिनीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक कागद ठेवलाय, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘यांचं नेहमीचं बीपी 100/60. डोकं दुखतंय म्हणाले तर झोपवू नका, आधी लघवी तपासा.’