ओमाकासेची पार्श्वभूमी : हातगाडीवरून दहा खुर्च्यांपर्यंत

टोकियोच्या गिन्झा भागात चांगल्या सुशी काउंटरवर रात्रीच्या ओमाकासेचे माणशी ३०,००० ते ५०,००० येन सहज होतात. आठ-दहा खुर्च्या असतात, मेन्यूकार्ड नसतं. काय खायचं ते समोरचा कारागीर ठरवतो आणि तो ठेवेल तसं आपण एकेक खात जायचं. ओमाकासे म्हणजे हेच. हे शतकानुशतकं असंच चालत आलंय असा अनेकांचा समज असतो. माशांवरच्या प्रक्रिया खरोखर जुन्या आहेत. पण त्या आज ज्या रीतीने पानात पडतात ती रीत रुळली १९९० च्या दशकात, आणि तिच्यामागे परंपरेपेक्षा हिशेब जास्त आहे.

सुशीचं मूळ मासा टिकवण्यात आहे. शिगा प्रांतात बिवा सरोवराच्या काठी आजही फुनाझुशी करतात. त्यासाठी गोड्या पाण्यातला मासा काही महिने मिठात आणि मग वर्षभर किंवा त्याहून जास्त भातात दाबून आंबवतात. लगदा झालेला भात बहुतेक काढून टाकतात आणि मासा खातात. पुढे आंबवण्याचा काळ आखडत गेला, लोक भातही खाऊ लागले, आणि एदो काळात (१६०३–१८६८) भातात सरळ व्हिनेगर घालून आंबटपणा आणायची युक्ती सर्रास झाली. १८२० च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, निगिरी आली, म्हणजे हाताने दाबलेल्या भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप. तिचं श्रेय बहुधा र्‍योगोकू भागातल्या हानाया योहेई (१७९९–१८५८) याला देतात.

ही निगिरी गाड्यांवर विकली जाई. मुंबईत वडापावचं जे स्थान आहे तेच तिचं होतं : उभ्याने, हाताने, दोन-तीन तुकडे खायचे आणि कामाला लागायचं. तुकडे आजच्या दुप्पट-तिप्पट मोठे असत. भाताला लागणारं व्हिनेगर साके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यापासून बनायचं. चोथा काही वर्षं मुरवला की तो काळपट होतो आणि त्याच्यापासून तांबूस, दाट चवीचं व्हिनेगर मिळतं. हांदा गावच्या नाकानो माताझाएमोनने १८०४ मध्ये या धंद्याची सुरुवात केली (आजची मिझकान कंपनी ती हीच). तांदळाच्या व्हिनेगरपेक्षा हे स्वस्त पडे, म्हणून गाडीवाल्यांना परवडलं. आता तेच लाल व्हिनेगर महागड्या काउंटरची ओळख होऊन बसलंय, हा भाग वेगळा.

गाडीवर बर्फ नव्हता. त्यामुळे एदोच्या पद्धतीत कच्चा मासा नुसता कापून भातावर ठेवणं फारसं नव्हतंच. कोळंबी उकडायची, आनागो ही समुद्री वाम शिजवायची, ट्यूना सोयासॉसमध्ये मुरवायचा, आणि कोहादाला मीठ-व्हिनेगर लावायचं. कारागिराची परीक्षा आजही कोहादावरच होते, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू.

कोहादा हा तारलीच्या नात्यातला, बोटभर-वीतभर, तेलकट आणि बारीक काट्यांचा मासा. खवलं काढून, डोकं उडवून तो पोटाकडून पुस्तकासारखा उघडतात आणि मीठ भुरभुरतात. किती वेळ? आकार, ऋतू आणि चरबी पाहून वीस मिनिटांपासून तासापर्यंत. उन्हाळ्यातल्या लहान माशाला कमी, थंडीतल्या चरबीदार माशाला जास्त. मग पाण्याने धुवायचा, एकदा वापरलेल्या व्हिनेगरमधून काढायचा आणि ताज्या व्हिनेगरमध्ये दहा-वीस मिनिटं बुडवायचा. निथळून एक ते तीन दिवस ठेवला की आतबाहेर मीठ आणि आंबटपणा सारखा होतो, काटेही मऊ पडतात. मिठाला वेळ कमी दिला तर पाणी आत राहतं आणि त्याबरोबर हिवसा वासही. व्हिनेगरमध्ये जास्त राहिला तर मांस पांढरं, कोरडं पडतं आणि कातडीची चमक जाते. भाव खाणारा मासा नाही हा, पण यात चूक लपत नाही. अपवाद त्याच्या पिल्लांचा. हंगामाच्या तोंडाला, जुलै-ऑगस्टमध्ये मिळणाऱ्या या शिन्कोची तीन-चार पिल्लं एका तुकड्यावर लागतात आणि त्यांचा भाव मात्र डोळे पांढरे करतो.

ट्यूनाची गंमत उलटी. आज ओमाकासेचा कळस मानला जाणारा चरबीदार तोरो तेव्हा कोणाला नको असे. चरबीत सोयासॉस मुरत नाही आणि बर्फाशिवाय ती झटकन खवट होते. फ्रीज आल्यावर आणि चव बदलल्यावर त्याची किंमत वाढत गेली. १९७२ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळ धरलेला ट्यूना विमानाने टोकियोच्या त्सुकिजी बाजारात पोचला. अमेरिकेला माल नेऊन परतणाऱ्या जपानी मालवाहू विमानांना येताना भरायला काही हवं होतं, त्यातून हा व्यापार उभा राहिला.

मधल्या दोन घटनांनी निगिरी जपानभर नेली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात टोकियो बेचिराख झालं आणि बरेच कारागीर आपापल्या गावी परतले, सोबत एदोची पद्धत घेऊन. दुसरी १९४७ ची : धान्यटंचाईमुळे सरकारने खाणावळी बंद केल्या. सुशीवाल्यांनी पळवाट मिळवली, ती अशी की ग्राहकाने एक गो तांदूळ आणायचा, दुकानाने मजुरी घेऊन त्याच्या दहा सुशी करून द्यायच्या. म्हणजे कागदोपत्री ही विक्री नव्हे, प्रक्रिया. एक गो म्हणजे साधारण १५० ग्रॅम कोरडा तांदूळ, शिजून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. दहाने भागला तर तुकड्याला तीसेक ग्रॅम भात येतो. ओमाकासेत तो दहा-पंधरा ग्रॅमवर आला आहे, कारण बारा-पंधरा निगिरी आणि त्याआधीचे पाच-सहा पदार्थ एकाच पोटात जायचे असतात.

युद्धानंतर स्वच्छतेच्या नियमांनी गाड्या हटल्या आणि सुशी काउंटरमागे गेली. तिथली मूळ रीत ग्राहकाने एकेक तुकडा सांगण्याची, ओकोनोमी. भिंतीवरच्या लाकडी पाट्यांवर माशांची नावं असत, किंमत नसे. त्या दिवसाचा बाजारभाव लागे, आणि बिल हातात येईपर्यंत आकडा कळत नसे. नेहमीच्या गिऱ्हाइकाला काय मागायचं, कधी थांबायचं हे ठाऊक असे. नवखा बिचकायचा. १९५८ मध्ये शिराइशी योशिआकी यांनी ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू केली आणि ठरलेली किंमत हवी असलेली गिऱ्हाइकं तिकडे वळली.

१९९० च्या सुरुवातीला जपानचा आर्थिक फुगा फुटला, कंपनीच्या खर्चाने बाजारभावाची बिलं भरणारे आटले. ठरलेल्या रकमेचं ओमाकासे दोन्ही बाजूंना सोयीचं ठरलं. गिऱ्हाइकाला आकडा आधी कळतो. मालकाला आठ माणसं म्हणजे नेमके किती काप हे सकाळी बाजारातच ठाऊक असतं, त्यामुळे महाग मासा वाया जात नाही. १९९३ मध्ये योत्सुया भागात नाकाझावा केइजी यांनी सुरू केलेल्या सुशी शोमध्ये छोटे पदार्थ आणि निगिरी आलटून पालटून येत. ही मांडणी पुढे खूप जणांनी उचलली. नोव्हेंबर २००७ मध्ये रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेची टोकियोची पहिली यादी आली, तीत ओनो जिरो यांच्या सुकियाबाशी जिरोला तीन तारे मिळाले आणि परदेशी पाहुण्यांचा ओघ सुरू झाला. जिरोकडे मात्र मधले पदार्थ नाहीत. वीसेक निगिरी, अर्ध्या तासात, की उठायचं. ओमाकासे म्हणजे तीन तासांचा सोहळाच असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

काउंटरवरचे बरेच नियम या इतिहासातूनच आले आहेत. हाताने खाल्लेलं चालतं, कारण सुरुवात गाडीवर झाली. सोयासॉस कारागीरच ब्रशने लावून देतो, तेव्हा वाटीत बुडवायचं कारण नाही. भात अंगाएवढा कोमट असतो आणि आत हवा राहील असा सैल दाबलेला. फोटोच्या नादात दोन मिनिटं गेली तर तो थंड होऊन बसतो, नोरी (समुद्री शेवाळाचा पापुद्रा) असेल तर चिवट होते. आरक्षण ऐनवेळी रद्द केल्यास बऱ्याच ठिकाणी पूर्ण रक्कम कापतात, कारण तुमच्या वाट्याचा मासा सकाळीच घेतलेला असतो. काय चालत नाही हे आरक्षण करतानाच सांगावं. सगळंच शाकाहारी हवं असेल तर एदो पद्धतीचं काउंटर ती जागा नव्हे : भाज्यांवरच्या सॉसमध्येही बोनितो माशाचा अर्क असू शकतो.

मुंबईत या घराण्याची ठळक सुरुवात २००४ मध्ये ताज महाल पॅलेसमधल्या 'वासाबी बाय मोरिमोतो'ने झाली. जपानी मासे विमानाने आणायचे म्हटलं की टोकियोचं वेळापत्रक इथेही लागू होतं. २०१८ पासून तिथला घाऊक बाजार तोयोसूला भरतो आणि रविवारी व बऱ्याच बुधवारी बंद असतो. सुट्टीच्या दिवसांच्या पाठोपाठ बुकिंग करायचं असेल तर मासा कधी येतो हे फोनवर विचारण्यात संकोच नको. विचारायची दुसरी गोष्ट म्हणजे गोठवण. अ‍ॅनिसाकिस हा जंत व्हिनेगर, मीठ किंवा वासाबीच्या तिखट हिरव्या चटणीने मरत नाही, कोहादाच्या मीठ-व्हिनेगरनेही नाही. उणे २० अंशांवर २४ तास गोठवला की मरतो. बांगड्यासारख्या माशाबाबत हे विचारावंच, आणि चांगला कारागीर त्याचं सरळ उत्तर देतो.